टेबलाखालचा सीपीयू विंडोज ११ घेत नाही म्हणतो. मग मिनी पीसी घ्यावा का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट बंद केली. त्याच्या आधीपासूनच अनेक घरांतल्या धडधाकट कॉम्प्युटरवर निरोप झळकत होता की हे यंत्र विंडोज ११ साठी पात्र नाही. यंत्र बिघडलेलं नाही. मुलीचं प्रोजेक्ट, बाबांचं बँकेचं काम, सोसायटीचा हिशोब, सगळं त्यावरच चाललंय. पण विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो, म्हणजे ढोबळमानाने २०१७ च्या शेवटानंतरचा. शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. २०१५-१६ मध्ये लॅमिंग्टन रोडवरून किंवा तालुक्याच्या दुकानातून असेंबल करून आणलेला डबा या चाळणीतून पुढे जात नाही.

दुकानात विचारलं की उत्तर ठरलेलं: लॅपटॉप घेऊन टाका. त्याहून जरा वेगळं उत्तर म्हणजे तसाच मोठा डबा पुन्हा असेंबल करा. तिसरा पर्याय फार कमी दुकानदार आपणहून सांगतात, कारण तो त्यांच्या शोकेसमध्ये नसतो. तो म्हणजे मिनी पीसी: तळहातावर मावणारा डेस्कटॉप. स्क्रीन, कीबोर्ड, माउस आपला, बाकी सगळं त्या डब्यात. ज्या घरात कॉम्प्युटर एका जागीच राहणार आहे आणि घरातले सगळे मिळून तो वापरणार आहेत, तिथे आज हाच पहिला विचार असावा असं माझं मत आहे. पण ‘मिनी पीसी’ या एकाच नावाखाली चांगला माल आणि निव्वळ कचरा शेजारी शेजारी विकला जातो, म्हणून आत काय आहे ते समजून घेणं भाग आहे.

एवढ्याशा डब्यात कॉम्प्युटर मावतो कसा?

खरं तर प्रश्न उलटा विचारायला हवा: जुना डबा एवढा मोठा का होता? त्यात विजेचा पुरवठा करणारा एसएमपीएस होता, साडेतीन इंची हार्ड डिस्क होती, सीडी ड्राइव्ह होता आणि जास्तीची कार्डं बसवायला खाचा होत्या. यांतलं बहुतेक आता उरलेलं नाही. वीजपुरवठा लॅपटॉपसारखा बाहेरच्या अडॅप्टरमध्ये गेला. सीडी इतिहासजमा झाली. हार्ड डिस्कची जागा एसएसडीने घेतली. एसएसडी म्हणजे फिरती तबकडी नसलेली, चिपवर माहिती साठवणारी डिस्क. तिचा आज सर्वांत प्रचलित आकार २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. खाचांची गरज फक्त गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड लावणाऱ्यांना. हे सगळं वजा केल्यावर उरतो एक छोटा बोर्ड आणि एक पंखा.

कल्पना नवी नाही. जानेवारी २००५ मध्ये ॲपलने ४९९ डॉलरला मॅक मिनी आणला तेव्हाच स्टीव्ह जॉब्सने सांगितलं होतं की स्क्रीन, कीबोर्ड आणि माउस तुमचे तुम्ही आणा. २०१२ च्या सुमारास इंटेलने चार इंच चौरस बोर्डावरचे ‘नक’ विकायला सुरुवात केली. त्याच काळात लेनोवोचे ‘टायनी’ आले. पुढे डेलचे ‘मायक्रो’ आणि एचपीचे ‘मिनी’ बँकांच्या आणि कंपन्यांच्या टेबलांवर दिसू लागले. बँकेत मॉनिटरच्या पाठीला चिकटवलेला चपटा डबा पाहिला असेल, तो हाच. त्याचं आकारमान साधारण एक लिटर असतं, घरचा जुना डबा सहज तीस-चाळीस लिटरचा. २०२३ मध्ये इंटेलने नकचा धंदा असूसकडे सोपवला. तोवर बीलिंक, जीएमकेटेक, मिनिसफोरम अशा चिनी कंपन्यांनी ऑनलाइन बाजार भरून टाकला होता.

एवढासा आहे, मग हळूच चालणार ना?

ही शंका सर्वांत जास्त येते, आणि तिचं उत्तर एका तुलनेत मिळतं. स्वस्त मिनी पीसीमध्ये सध्या सर्रास आढळणारा प्रोसेसर, म्हणजे गणितं करणारी मुख्य चिप, आहे इंटेलचा एन१००. तो जानेवारी २०२३ मध्ये आला. दुसरीकडे २०१५ चा डेस्कटॉपवरचा आय५-६५००, जो त्या काळी घरासाठी ‘भारी’ समजला जायचा. रोजच्या कामात हे दोघे जवळपास बरोबरीचे आहेत. पण आय५ हा ६५ वॉटच्या वर्गातला आणि एन१०० सहा वॉटच्या. शिवाय यूट्यूब आता बऱ्याच व्हिडिओंसाठी, ते आकसून पाठवायचा एव्ही१ हा नवा प्रकार वापरतं. तो उलगडायची सोय एन१०० च्या चिपमध्येच आहे, जुन्या आय५ मध्ये नाही. आणि विंडोज ११ आय५-६५०० ला नाकारतं, एन१०० ला घेतं.

म्हणजे तुमचं आजचं काम जुन्या आय५ वर नीट चालत असेल, तर ते या डब्यातही चालेल. बँक, सातबारा काढणं, महाडीबीटीचे अर्ज, एक्सेल, टॅली, झूमवरचा क्लास, अमेरिकेतल्या नातवाशी व्हिडिओ कॉल, एवढ्यासाठी तो पुरेसा आहे. व्हिडिओ एडिटिंग, ऑटोकॅडचं थ्रीडी काम किंवा मोठे गेम यांच्यासाठी पुरेसा नाही.

मात्र एकाच वेळी अनेक गोष्टी उघड्या ठेवायच्या तर प्रोसेसरपेक्षा रॅम महत्त्वाची. रॅम म्हणजे चालू काम तात्पुरतं धरून ठेवणारी मेमरी. वीज गेली की ती रिकामी होते. विंडोज ११ कागदोपत्री ४ जीबीवर चालतं, पण तो छळ आहे. ८ जीबीवर घरचं काम निभतं, १६ जीबीवर निर्धास्तपणे चालतं. डिस्क एसएसडीच हवी. अगदी स्वस्त डब्यांमध्ये ‘ईएमएमसी’ नावाची बोर्डावर झाळलेली साठवण असते. ती संथ असते आणि बदलता येत नाही. जाहिरातीत नुसतं ‘१२८ जीबी स्टोरेज’ लिहिलं असेल तर ते नेमकं काय आहे हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

नाव मोठं, वय त्याहून मोठं

खरी फसगत होते ती नावांत. ‘आय७, १६ जीबी’ असं ठळक लिहिलेला सेकंडहँड डबा स्वस्तात मिळतो. बारकाईने पाहिलं की तो आय७-३७७० निघतो, म्हणजे २०१२ चा. त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालणार नाही. नव्या मालातही हेच. सेलेरॉन एन४०२० हा २०१९ चा, दोनच कोअरचा प्रोसेसर. कोअर म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे भाग. नवा कोरा डबा, नवी कोरी खोकी, आणि आत हा. एएमडी या दुसऱ्या प्रोसेसर कंपनीच्या बाबतीत तर आकडाही दिशाभूल करतो: रायझेन ५ ७५२०यू मधला ७ पाहून तो ताजा वाटतो, पण त्याची रचना २०१९ सालातल्या झेन २ ची आहे.

म्हणून नियम एकच पाळा. पूर्ण मॉडेल नंबर मागा आणि तो कोणत्या साली बाजारात आला ते शोधा. आय३, आय५, आय७ हे बिल्ले त्यानंतर बघा. एन१०० आणि त्याचा २०२५ चा किंचित वेगवान भाऊ एन१५० चालतील. थोडे जास्त पैसे असतील तर रायझेन ५ ५५००यू च्या पुढचं काही बघा. विक्रेता पूर्ण नंबर द्यायला टाळाटाळ करत असेल तर उत्तर मिळालंच.

पण मग लॅपटॉपच का नको?

बाहेर न्यायचा असेल तर लॅपटॉपच घ्या, वादच नाही. कॉलेजला जाणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर मिनी पीसीचा विचारही करू नका. पण किती घरांत लॅपटॉप सहा महिन्यांनंतर टेबलावरून उठतो? चार्जर कायम लावलेला, बॅटरी फुगायला आलेली, आणि वापरणारा मान खाली घालून चौदा-पंधरा इंची स्क्रीनकडे बघतोय. मिनी पीसीला २२ ते २४ इंची मॉनिटर डोळ्यांच्या पातळीवर लावता येतो आणि कीबोर्ड मनासारखा निवडता येतो. घरात कोणी महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टायपिंगची तयारी करत असेल, तर हा फरक त्याला लगेच जाणवेल. तासन्‌तास मराठी टाइप करायचं तर पूर्ण आकाराचा कीबोर्डच हवा.

दुसरं, भाग वेगवेगळे राहतात. लॅपटॉपची स्क्रीन फुटली की खर्च निम्म्या लॅपटॉपचा. इथे मॉनिटर गेला तर मॉनिटर बदला, डबा गेला तर डबा. मॉनिटर दहा वर्षं सहज चालतो, म्हणजे पुढच्या खेपेला तो खर्च नाहीच.

पैशांचं गणित प्रामाणिकपणे मांडू

इथे विक्रेते थोडी चलाखी करतात. पंधरा-सोळा हजारांना कॉम्प्युटर, असं ते म्हणतात, पण त्यात स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही, माउस नाही, कॅमेरा नाही, माइक नाही आणि बहुधा स्पीकरही नाही. काहीच नसलेल्या घरासाठी हिशोब ढोबळमानाने असा लागतो: डबा सोळा हजार, मॉनिटर आठ हजार, कीबोर्ड-माउस हजारभर, माइक असलेला वेबकॅम दीड हजार, यूपीएस तीन हजार. साडेएकोणतीस हजार झाले. या रकमेत साधासा लॅपटॉपही येतो. म्हणजे शून्यापासून सुरुवात करणाऱ्यासाठी मिनी पीसी स्वस्त नाही, फक्त जास्त सोयीचा आहे.

पण जुना डबा बदलणाऱ्याकडे बाकी सगळं असतंच, आणि तिथे हा सौदा खरा स्वस्त होतो. जुना मॉनिटर निळ्या पिनेचा, म्हणजे व्हीजीए असेल, तर एचडीएमआयवरून व्हीजीए करणारं कन्व्हर्टर पाच-सहाशे रुपयांच्या आत मिळतं. मॉनिटर फेकायची गरज नाही.

आणखी एक प्रश्न वारंवार येतो: टीव्हीलाच लावला तर? लावता येतो, पण ३२ इंची साध्या टीव्हीचं रेझोल्यूशन बऱ्याचदा १३६६ बाय ७६८ एवढंच असतं. जवळ बसून एक्सेल वाचलं तर अक्षरं फाटल्यासारखी दिसतात. सिनेमासाठी ठीक, सोसायटीच्या हिशोबासाठी नाही.

विजेचं काय? जुना डबा साध्या कामात ५० ते ६० वॉट घेतो, मिनी पीसी १० ते १५. दिवसाला सहा तास चालवला आणि ४८ वॉटचा फरक धरला, तर वर्षाला सुमारे १०५ युनिट वाचतात. युनिटला दहा रुपये धरले तर हजारभर रुपये. एवढ्याने डब्याची किंमत वसूल होत नाही, पण ज्या गावात लाइटचा भरवसा नाही तिथे दुसराच फायदा होतो. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते. जुना डबा त्यावर दहा-पंधरा मिनिटं टिकायचा. मिनी पीसी आणि मॉनिटर मिळून चाळीसेक वॉट घेतात, ते अर्धा-पाऊण तास चालतात. ऑनलाइन फॉर्म भरताना शेवटच्या पानावर लाइट गेलेल्याला याची किंमत वेगळी सांगायला नको.

रॅम एकदम महाग का झाली?

२०२५ च्या शेवटच्या महिन्यांत मेमरीचे भाव झपाट्याने वाढले. कारण लांबचं आहे, पण झळ इथपर्यंत आली. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना लागणारी महागडी मेमरी बनवण्यात त्यांना जास्त पैसा आहे, म्हणून कारखान्यांची क्षमता तिकडे वळली. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने ‘क्रुशल’ हा सामान्य ग्राहकांसाठीचा ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. स्वस्त शिक्षणाच्या हेतूने २०१२ मध्ये ३५ डॉलरला सुरू झालेल्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरनेही त्याच महिन्यात काही मॉडेलच्या किमती वाढवल्या.

याचा तुमच्या खरेदीवर थेट परिणाम होतो. ‘बेअरबोन’ लिहिलेला मिनी पीसी, म्हणजे रॅम, डिस्क आणि विंडोज यांतलं काहीच नसलेला रिकामा डबा, पूर्वी फायद्याचा पडायचा. आता आधी रॅमचा भाव विचारा, मगच त्या वाटेला जा. घरात बंद पडलेला लॅपटॉप असेल तर त्यातली रॅम उपयोगी पडू शकते, कारण बरेच मिनी पीसी लॅपटॉपचीच रॅम घेतात. फक्त पिढी जुळायला हवी: डीडीआर४ च्या खाचेत डीडीआर३ किंवा डीडीआर५ बसत नाही. मोठ्या डब्यातली लांब पट्टीची रॅम तर कधीच बसणार नाही. काही डब्यांत रॅम बोर्डावरच झाळलेली असते, तिथे जे आलं तेच कायम. एन१०० मध्ये रॅमसाठी एकच खाच असते, म्हणून ‘आता ८ घेऊ, नंतर अजून एक ८ लावू’ हा बेत जमत नाही. नंतर आधीची काढून १६ ची लावावी लागते.

चंद्रपूरच्या मेमध्ये तापणार नाही का?

तापेल. सहा वॉट हा आकडा सावधपणे वाचायला हवा. तो सतत चालण्याचा हिशोब आहे. थोड्या वेळासाठी प्रोसेसर त्याच्या कित्येक पट वीज घेतो आणि वेग वाढवतो. लोकल पकडायला प्लॅटफॉर्मवर कोणीही धावतं, त्याच दमाने सिंहगड चढता येत नाही. वेबसाइट उघडणं हे लोकल पकडणं आहे. तासभर व्हिडिओ रूपांतरित करणं हा सिंहगड. उष्णता बाहेर टाकायला जागा नसली की चिप स्वतःहून वेग कमी करते. बिघडत नाही, पण रेंगाळते.

घरचं बहुतेक काम पहिल्या प्रकारचं असतं, म्हणून एरवी अडचण येत नाही. अडचण येते ती जागेची. टीव्हीच्या बंद कपाटात, सेट-टॉप बॉक्सच्या वर, मागे भिंतीला टेकवून ठेवलेला डबा विदर्भात ४५ अंशाला हमखास रेंगाळेल. बहुतेक मॉनिटरच्या पाठीवर ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतराची चार भोकं असतात, तिथे पट्टी लावून डबा टांगला की हवा खेळती राहते. वर्षातून एकदा जाळीवरची धूळ काढा. पंखा नसलेले डबे शांत असतात आणि धूळही ओढत नाहीत, पण कडक उन्हाळ्याच्या गावात मी पंख्याचाच घेईन.

कंपनीचं नावही ऐकलेलं नाही, भरवसा कसा ठेवायचा?

हा आक्षेप मला सगळ्यांत रास्त वाटतो. डब्यातला बोर्ड गेला तर गल्लीतला दुरुस्तीवाला फारसं काही करू शकत नाही, आणि अनेक आयात ब्रँडचं आपल्याकडे सेवा केंद्र नाही. वॉरंटी विक्रेत्याची असते, कंपनीची नव्हे. त्यातच ऑगस्ट २०२३ मध्ये विदेश व्यापार महासंचालनालयाने लॅपटॉप, टॅबलेट आणि सर्व्हरबरोबरच या अतिलहान कॉम्प्युटरच्या आयातीवरही निर्बंध आणले आणि पुढे त्यासाठी ऑनलाइन परवानगीची पद्धत सुरू झाली. अधिकृत वाटेने आलेल्या मालावर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, डब्यावरही आणि अडॅप्टरवरही. तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो. चिन्ह नसेल तर स्वस्ताईचं कारण कळलं.

विंडोजचाही घोळ असतो. किरकोळ बाजारात अधिकृत परवाना दहा हजारांच्या आसपास जातो. त्यामुळे बारा हजारांच्या डब्यात विंडोज ११ प्रो ‘मोफत’ आलं, तर तो परवाना कंपन्यांसाठीच्या घाऊक परवान्यातून फोडलेला असण्याची दाट शक्यता. २०२४ च्या सुरुवातीला तर एका चिनी ब्रँडच्या काही डब्यांमध्ये हेरगिरी करणारं सॉफ्टवेअर आधीच भरलेलं सापडलं होतं, आणि कंपनीने ते मान्यही केलं.

या सगळ्याची धास्ती वाटत असेल तर मी सेकंडहँडकडे बोट दाखवीन, पण निवडक. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी आपले एक लिटरवाले डेल, एचपी, लेनोवो बाहेर काढतात आणि ते तपासून, पुसून पुन्हा विकले जातात. त्यात आय५-८५००टी शोधा: २०१८ चा, सहा कोअरचा, ३५ वॉटचा, विंडोज ११ ला चालणारा. मूळ विंडोजचा परवाना बहुधा बोर्डातच नोंदलेला असतो. सुटे भाग मिळतात आणि अडॅप्टर लॅपटॉपच्या दुकानात मिळतो. घरासाठी सध्या मला हा सगळ्यांत शहाणा पर्याय वाटतो. ऐपत असेल तर ॲपलचा एम४ मॅक मिनी फारच सरस आहे. २०२४ मध्ये तो भारतात ५९,९०० रुपयांना आला, १६ जीबी रॅमसह. पण टॅली आणि खास विंडोजवर चालणारी सॉफ्टवेअर लागणाऱ्यांनी त्या वाटेला न गेलेलं बरं.

जुन्यालाच अजून थोडं चालवलं तर?

चालवा की. विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेटची मुदतवाढ घेता येते. तोवर रॅमचे भाव उतरले तर चांगलंच. काम फक्त ब्राउझरमधलं असेल तर जुन्या डब्यात एसएसडी बसवून विंडोजऐवजी चालणारं लिनक्स मिंट टाका, यंत्र आणखी काही वर्षं काढेल. मुदत संपल्यावर मात्र अपडेट नसलेल्या विंडोजवर बँकेचं काम करू नका.

डबा घरी आल्यावर

आधी सेटिंग्जमध्ये जाऊन विंडोज ॲक्टिव्हेट आहे का ते बघा. टास्क मॅनेजरमध्ये रॅम, डिस्क आणि प्रोसेसरचा पूर्ण नंबर बिलाशी ताडून पाहा. ब्रँड अनोळखी असेल तर आलेलं विंडोज पूर्ण पुसा आणि मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून घेतलेलं नव्याने टाका. परवाना खरा असेल तर इंटरनेट जोडल्यावर तो आपोआप लागू होतो, नसेल तर तेही तिथेच उघड होतं. मग सेटिंग्जमधून मराठी फोनेटिक कीबोर्ड चालू करा, दोन-तीन तास सलग व्हिडिओ चालवा आणि पंख्याचा आवाज ऐका. हे सगळं परत करण्याची मुदत संपायच्या आत उरका, आणि तोवर खोकं फेकू नका.